बर्था मेसनचा जबाब

इंग्लंडमधल्या एका जमीनदाराच्या वाड्यात, तिसऱ्या मजल्यावरच्या आतल्या खोलीत, एका बाईला दहा वर्षं कोंडून ठेवलेलं आहे. नवरा अधूनमधून त्याच वाड्यात येऊन राहतो, पाहुण्यांना मेजवान्या देतो आणि एके दिवशी घरातल्या मुलीला शिकवायला ठेवलेल्या तरुणीशी लग्न लावायला चर्चमध्ये उभा राहतो. ऐन वेळी एक वकील पुढे येऊन सांगतो, या गृहस्थांची पहिली बायको जिवंत आहे. लग्न मोडतं. पुढे कोंडलेली बाई वाड्याला आग लावते, छतावरून उडी टाकते आणि मरते. मग जमीनदाराचा त्या तरुणीशी सुखाचा संसार सुरू होतो.

शार्लट ब्राँटेच्या ‘जेन एअर’ (१८४७) या कादंबरीतली ही गोष्ट. तरुणी म्हणजे जेन, जमीनदार म्हणजे रॉचेस्टर, आणि कोंडलेली बाई बर्था मेसन, जमैकात लग्न करून आणलेली. या प्रकरणात मला बर्थाची बाजू तपासायची आहे. युरोपच्या अभिजात कादंबऱ्यांना वसाहतींतल्या लेखकांनी जी उत्तरं दिली, त्यांतलं बहुधा सर्वांत जास्त वाचलं गेलेलं उत्तर तिच्यासाठी लिहिलेलं आहे: जीन रीसची ‘वाइड सारगॅसो सी’ (१९६६). गप्प बसवलेल्या स्त्रीला या पुस्तकाने आवाज दिला, असं सर्रास म्हटलं जातं. ते खरं आहे, पण तेवढ्यावर थांबलं तर पुस्तकातली सर्वांत मोलाची गोष्ट हातची निसटते.

मूळ नोंद

आधी ‘जेन एअर’मध्ये बर्थाबद्दल नेमकं काय आहे ते पाहू. तिची हकिकत सांगतो तिचा नवरा, तीही लग्न मोडल्यानंतर, जेनने आपल्याला सोडून जाऊ नये म्हणून. त्याच्या म्हणण्याप्रमाणे वडिलांनी इस्टेट थोरल्या भावाला ठेवली आणि धाकट्याची सोय म्हणून त्याला जमैकाला पाठवलं; तिथल्या श्रीमंत मेसन घराण्याची मुलगी तीस हजार पौंडांसह त्याच्या गळ्यात पडली; तिची आई वेडी असल्याचं त्याला नंतर कळलं. तिच्या मरणाची हकिकत जेनला एका खाणावळवाल्याकडून कळते. तिच्या तोंडचे म्हणून जे शब्द आपल्यापर्यंत पोचतात, ते तिने चावा घेऊन जखमी केलेल्या भावाच्या तोंडून: माझ्या काळजातलं रक्त शोषून घेईन असं ती म्हणाली, एवढंच. आणि जेन तिला प्रथम नीट पाहते त्या सव्विसाव्या प्रकरणात तर हे जनावर आहे की माणूस, हेच तिला पहिल्या नजरेत सांगता येत नाही.

म्हणजे साक्षीदार चार, आणि चौघांपैकी एकही तिच्या बाजूचा नाही.

यात ब्राँटेवर आज दीडशे-पावणेदोनशे वर्षांनी आरोप ठेवण्याची घाई करू नये, कारण तिनेच ते आपण होऊन मान्य केलं आहे. कादंबरी प्रसिद्ध झाल्यावर काही महिन्यांतच, जानेवारी १८४८ मध्ये, तिच्या प्रकाशनसंस्थेतल्या डब्ल्यू. एस. विल्यम्स यांना लिहिलेल्या पत्रात ती म्हणते की अशी अवस्था पाहून मनात केवळ करुणा दाटायला हवी होती. त्या भावनेवर मी पुरेसा भर दिला नाही आणि भयाला अवाजवी महत्त्व दिलं. हे पत्र मला फार महत्त्वाचं वाटतं. बर्थाच्या चित्रणात काहीतरी चुकलं आहे हा शोध विसाव्या शतकातल्या वसाहतोत्तर समीक्षेने लावलेला नाही. लेखिकेला ते ठाऊक होतं. तिला करुणा कमी पडली असं वाटलं; कमी पडली होती ती बर्थाची बाजू, आणि ती तिच्याकडे नव्हतीच. असणार तरी कुठून? कॅरिबियन बेटं तिने कधी पाहिली नव्हती.

उत्तर देणारी

जीन रीसने ती पाहिली होती. तिचा जन्म १८९० सालचा, डॉमिनिका बेटावरच्या रोझो गावातला. वडील वेल्श डॉक्टर, आई तिथेच पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या गोऱ्या मळेवाल्यांच्या घराण्यातली. अशा, बेटांवरच जन्मलेल्या गोऱ्यांना तिथे क्रिओल म्हणत. तिच्या पणजोबांचा जिनिव्हा नावाचा मळा होता आणि त्यावर गुलाम राबत होते. गुलामगिरी कायद्याने संपल्यावर, १८४४ च्या दंगलीत त्या मळ्यावर हल्ला झाला. ही आठवण घरात जिवंत होती.

१९०७ साली ती इंग्लंडला आली. तिथे तिचे उच्चार इंग्रज नव्हते, आणि बेटावर तिचा रंग काळा नव्हता. पॅरिस आणि लंडनमध्ये राहून तिने चार कादंबऱ्या लिहिल्या. शेवटची १९३९ सालची. मग ती साहित्यविश्वातून इतकी नाहीशी झाली की अनेकांनी तिला मृत समजलं. सेल्मा व्हाझ डायस या अभिनेत्रीने १९४९ मध्ये साप्ताहिकात जाहिरात देऊन तिचा ठावठिकाणा शोधला. १९५७ साली आंद्रे डॉइश या प्रकाशनसंस्थेशी नव्या कादंबरीची बोलणी झाली तेव्हा काही महिन्यांत हस्तलिखित देण्याची भाषा होती. लागली नऊ वर्षं. त्यांत आजारपण होतं, गरिबी होती, नवऱ्याचं दीर्घ दुखणं होतं. पण उशिराचं खरं कारण लेखनातच होतं, आणि ते या प्रकरणाच्या गाभ्याशी आहे.

१९५८ मध्ये व्हाझ डायसला लिहिलेल्या पत्रात रीस सांगते की ब्राँटेच्या कादंबरीतली क्रिओल स्त्री किळसवाणी आहे याला तिची हरकत नाही. ती एकदाही जिवंत वाटत नाही, ही हरकत आहे. ती कथानकाला लागते म्हणून आहे, आणि तीही रंगमंचामागे, किंचाळत, भेसूर हसत. तिला रंगमंचावर आणायला हवं. इथवरचं काम रीसला अवघड गेलं नाही. बर्थाचं मूळ नाव तिने अँटोनेट ठेवलं, तिला बालपण दिलं, आई दिली, जळालेलं घर दिलं. अडलं ते नवऱ्यापाशी. एखादा माणूस असं का वागेल? त्याला नुसता खलनायक केला तर बर्थाच्या जागी आणखी एक बाहुली उभी राहणार. १९६४ मधल्या एका पत्रात ती म्हणते की त्या पुरुषाच्या तोंडून एक कविता लिहिली, आणि मग कोडं सुटलं.

ते कसं सुटलं, हे पुस्तकाच्या बांधणीत दिसतं. पहिला भाग अँटोनेट सांगते. तिसरा, थॉर्नफील्ड या जमीनदाराच्या वाड्याच्या माळ्यावरचा, आधी तिच्यावर पहारा ठेवणाऱ्या ग्रेस पूलच्या आणि मग तिच्या स्वतःच्या तोंडून येतो. पण सर्वांत लांब, मधला भाग जवळजवळ सगळा नवऱ्याचा आहे. आवाज परत मिळवून देणाऱ्या पुस्तकात सर्वाधिक वेळ गप्प बसवणाराच बोलतो. प्रथम वाचताना हे खटकतं. रीसने मात्र हे जाणून केलं आहे, कारण माणूस दुसऱ्या माणसाला गप्प कसं करतो ते आतून दाखवायचं असेल तर त्याच्याच डोक्यात जावं लागतं. अनोळखी हिरवाईने घुसमटलेला, वडिलांवर चिडलेला, बायकोच्या सौंदर्याची ओढही वाटणारा आणि भीतीही वाटणारा हा तरुण. एका अनोळखी माणसाचं पत्र येतं, त्यात तिच्या घराण्यातल्या वेडाबद्दल लिहिलेलं असतं, आणि तो ते खरं मानायला उत्सुकच असतो. मग तो तिला बर्था म्हणू लागतो. ती सांगते, हे माझं नाव नाही. तो थांबत नाही. पूर्ण पुस्तकात रीसने त्याचं नाव मात्र एकदाही लिहिलेलं नाही. रॉचेस्टर हा शब्द तिथे येत नाही.

पैशाचा हिशेब

‘जेन एअर’मध्ये हुंड्याचे तीस हजार पौंड हे रॉचेस्टरच्या दुर्दैवाचं कारण म्हणून येतात. रीसच्या पुस्तकात तो आकडा तोच आहे, पण आता ती रक्कम कोणतीही अट न घालता नवऱ्याच्या हाती गेली आहे आणि अँटोनेटसाठी काहीही राखून ठेवलेलं नाही. विवाहित स्त्रीची मालमत्ता नवऱ्याची, हा तेव्हाचा इंग्रजी कायदा. ती त्याला सोडून जाऊ शकत नाही याचं कारण वेड नाही, हे आहे.

इथे रीसने एक मोठा बदल केला, ज्याची चर्चा व्हावी तितकी होत नाही. ‘जेन एअर’मध्ये एका जागी नवी प्रसिद्ध झालेली म्हणून ‘मार्मियन’ या कवितेचा उल्लेख आहे. ती १८०८ ची. ते साल धरलं तर बर्थाचं लग्न अठराव्या शतकाच्या अखेरीस, म्हणजे गुलामगिरी पूर्ण जोरात असताना झालं. ते तीस हजार पौंड थेट गुलामांच्या श्रमाचे. रीसने ही कथा पुढे सरकवून १८३४ नंतरच्या काळात नेली. ब्रिटिश संसदेने १८३३ मध्ये कायदा करून गुलामगिरी संपवली, १ ऑगस्ट १८३४ ला तो लागू झाला, आणि मालकांना दोन कोटी पौंडांची भरपाई मंजूर झाली. सुमारे आठ लाख गुलामांना एक पैसाही नाही; उलट बहुतेकांना ‘उमेदवारी’च्या नावाखाली १८३८ पर्यंत त्याच मालकांकडे बिनपगारी राबावं लागलं. पुस्तकाच्या पहिल्याच पानांवर एक शेजारी मळेवाला या भरपाईची वाट पाहून थकतो, आपल्या कुत्र्याला गोळी घालतो आणि समुद्रात पोहत जातो तो परत येत नाही.

या बदलाने पुस्तकाला खोली आली, कारण एक जग कोसळताना त्यात दिसतं. पण या बदलाची किंमतही आहे आणि ती स्पष्ट सांगायला हवी. सधन गुलाममालकाच्या लेकीपेक्षा बुडालेल्या गुलाममालकाच्या लेकीची कीव करणं सोपं असतं. रीसने अँटोनेटला कथेत अशा ठिकाणी आणून ठेवलं आहे की तिच्या घराण्याने केलेला अन्याय भूतकाळात जातो आणि तिच्यावर होणारा अन्याय वर्तमानात.

क्रिस्तोफीन

गोरी क्रिओल स्त्री बोलू लागली, पण काळ्या स्त्रियांचं काय? या प्रकरणातला खरा वाद हा आहे.

क्रिस्तोफीन ही मार्टिनिक बेटावरची काळी स्त्री. अँटोनेटच्या आईला लग्नात भेट म्हणून दिलेली, म्हणजे गुलाम. अँटोनेटला तिनेच वाढवलं. ओबिया या तिथल्या मंत्रतंत्राची ती जाणकार आहे आणि त्यापायी तुरुंगातही जाऊन आली आहे. गुलामगिरी संपली असं कोणी म्हटलं की तिला हसू येतं. ती म्हणते, नव्या लोकांकडे कायद्याचा कागद आहे, न्यायाधीश आहे, दंड आहे, तुरुंग आहे, माणसांचे पाय चेचणारं पायचक्र आहे. नवे जुन्यांपेक्षा वाईट, फक्त जास्त धूर्त. बेटांवरच्या तुरुंगांत १८३४ नंतर पायचक्राची शिक्षा खरोखरच दिली जात होती. पुस्तकात एवढं राजकीय स्पष्टतेने दुसरं कोणीही बोलत नाही.

गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांनी १९८५ च्या आपल्या गाजलेल्या निबंधात रीसच्या पुस्तकाचं मोल मान्य करून एक कठोर मुद्दा मांडला. इंग्रजी अभिजात कादंबरीचं हे पुनर्लेखन युरोपीय कादंबरीच्याच चौकटीत आणि गोऱ्या क्रिओल स्त्रीच्या हितासाठी झालेलं आहे. त्या चौकटीत क्रिस्तोफीन मावत नाही आणि म्हणून तिला कथेच्या कडेला ठेवून, पुरेसं कारण न देता बाहेर काढलं जातं. शेवटी अँटोनेटलाही घर पेटवून मरावं लागतं, म्हणजे जेनला इंग्रजी कादंबरीची स्वतंत्र नायिका होता येईल. बेनिटा पॅरी यांनी दोन वर्षांनी याला विरोध केला: क्रिस्तोफीनचं बोलणं पुस्तकात ढळढळीत आहे, ते ऐकू न येणं हा वाचनाचा दोष आहे.

मी या वादात पॅरींच्या जवळ आहे, पण माझं कारण थोडं निराळं आहे, आणि ते मजकुरातच आहे.

दुसऱ्या भागाच्या शेवटाकडे क्रिस्तोफीन नवऱ्याला जाब विचारते. तू पैशासाठी लग्न केलंस, मग तिच्याशी मन भरेपर्यंत खेळलास, मग तिला मोडलंस. हा प्रसंग नवराच सांगतो आहे. पण ती बोलत जाते तसे तिचे शब्द त्याच्या मनात घुमू लागतात आणि पानावर कंसांत उमटतात. प्रेम नाही आता, ती म्हणते. प्रेम नाही आता, त्याच्या डोक्यात कोणीतरी पुन्हा म्हणतं. निवेदन त्याचं, पण काही पानं तरी त्यातले शब्द तिचे. जिला स्वतःचं प्रकरण दिलेलं नाही तिने शत्रूच्या प्रकरणावर कब्जा केला आहे. स्वतंत्र भाग देऊन हे साधलं नसतं असं मला वाटतं.

मग ती तोडगा सुचवते: थोडे पैसे परत दे, मी तिला मार्टिनिकला नेते, ती तुला विसरेल, दुसऱ्या कोणाशी सुखाने राहील. तो जवळजवळ ऐकत आलेला असतो, पण दुसरा पुरुष हा विचार त्याला सहन होत नाही. हे भयंकर ठिकाण कधी दिसलंच नसतं तर मी डोळेही दिले असते, असं तो म्हणतो. ती हसते: काय द्यायचं ते तूच निवडलंस. ‘जेन एअर’मध्ये आगीत रॉचेस्टरचे डोळे जातात हे ज्यांना माहीत आहे त्यांना हे वाक्य क्रिस्तोफीनच्या निकालासारखं ऐकू येतं. अभिजात कादंबरीने जी शिक्षा दैवावर सोपवली ती इथे एका काळ्या स्त्रीच्या मुखातून सुनावली जाते.

आणि ती जाते का, याचं कारणही पुस्तकात आहे. नवऱ्याकडे न्यायाधीशाचं पत्र आहे; ही बाई ओबिया करते, गडबड झाल्यास कळवा, पोलीस पाठवतो. तो तिला ते पत्र ऐकवतो. मघाशी तिने ज्याची नावं घेतली तोच कागद, तोच न्यायाधीश, तोच तुरुंग तिच्यासमोर येऊन उभा राहतो. तिला घालवतो तो कायदा, आणि रीसने ते लपवलेलं नाही. तू तिला पत्र लिही, असं तो ताठरपणे म्हणतो. मला लिहिता-वाचता येत नाही, दुसऱ्या गोष्टी येतात, असं उत्तर देऊन ती मागे वळून न बघता निघून जाते. स्पिवाकांना इथे लेखिकेने पात्र टाकून दिलेलं दिसतं. मला दिसते ती स्वतःच्या मर्यादेपाशी येऊन थांबलेली लेखिका. गुलाममालकांच्या पणतीने क्रिस्तोफीनच्या मनात शिरून ‘मी’ म्हणून लिहिलं असतं, तर तो आवाज कितपत क्रिस्तोफीनचा झाला असता?

टिया

टियाच्या बाबतीत मात्र रीसचा बचाव मला करता येत नाही. टिया ही अँटोनेटच्या बालपणीची काळी मैत्रीण. डोहावर दोघी पोहतात, थोड्या नाण्यांवरून भांडण होतं आणि अँटोनेट तिला वंशाची शिवी देते. टिया तिला तोंडावर ऐकवते की पैसा नसलेल्या गोऱ्यांना आता कोणी विचारत नाही, आणि तिचा फ्रॉक घालून निघून जाते. पुढे मळ्याचं घर जळताना अँटोनेट टियाकडे धावते, आणि टिया दगड मारते. एकीच्या चेहऱ्यावर रक्त, दुसरीच्या चेहऱ्यावर अश्रू, जणू आरशात पाहावं तसं.

प्रसंग सुंदर लिहिलेला आहे, आणि तेवढ्याचसाठी त्याच्यापाशी सावध व्हायला हवं. टिया रडली हे आपल्याला कोण सांगतं? अँटोनेट. बार्बाडोसचे कवी आणि इतिहासकार कमाउ ब्रॅथवेट यांनी १९७४ मध्ये म्हटलं होतं की गोऱ्या क्रिओलांनी स्वतःला बेटांवरच्या बहुसंख्य लोकांपासून इतकं दूर नेलं आहे की त्या जगाशी त्यांना खऱ्या अर्थाने एकरूप होता येणार नाही. दगडाच्या प्रसंगात मला त्यांचं म्हणणं पटतं. क्रिस्तोफीन नवऱ्याच्या निवेदनात घुसून ते मोडते. टियाला अँटोनेटचं निवेदन मोडण्याची संधी मिळत नाही. तिचे अश्रू अँटोनेटला हवे आहेत. शेवटच्या स्वप्नातही टिया डोहाकाठी उभी राहून तिला बोलावते, म्हणजे पुन्हा अँटोनेटच्याच गरजेपुरती येते.

असाच एक बिननावाचा मुलगा दुसऱ्या भागाच्या अखेरीस आहे. त्याला त्यांच्याबरोबर इंग्लंडला यायचं असतं, अँटोनेटने तसा शब्द दिलेला असतो, नवरा नकार देतो, आणि तो घोड्यांमागून रडत चालत राहतो. त्याचं रडणं नवऱ्याला कळत नाही. पुस्तकालाही त्याच्याबद्दल आणखी काही सांगायचं नाही.

पुढे ग्वादलूपच्या मरीझ काँदे यांनी १९९५ मध्ये एमिली ब्राँटेची ‘वुदरिंग हाइट्स’ कॅरिबियनमध्ये नेली, तेव्हा त्यांनी घरकाम करणाऱ्या स्त्रियांना आपापली हकिकत स्वतःच्या तोंडून सांगू दिली. रीसपाशी जे अडलं होतं त्यावरची ही एक वाट. मात्र निवेदकांची संख्या वाढवली की प्रश्न सुटतो असं मला वाटत नाही. क्रिस्तोफीनचा प्रसंग नेमका उलट सांगतो.

हात न लावलेली रक्कम

रीसने एका हुंड्याचा हिशेब मागितला. ‘जेन एअर’मध्ये दुसरीही एक रक्कम आहे, आणि तिला या उत्तरात हात लावलेला नाही. जेनला तिच्या काकांकडून वीस हजार पौंड मिळतात. हे काका मदीरा बेटावरचे व्यापारी, आणि जमैकाच्या मेसन मंडळींशी त्यांचा धंद्याचा संबंध होता. म्हणूनच तर जेनचं लग्न ठरल्याचं पत्र काकांना पोचलं तेव्हा बर्थाचा भाऊ मेसन तिथे होता, आणि वकील वेळेवर चर्चमध्ये पोचला. म्हणजे एकीला कोंडण्याआधी जे पैसे घेतले गेले आणि दुसरीला स्वतंत्र करणारे जे पैसे आले, ते एकाच व्यापाराच्या वाटेवरचे. जेन आपला वारसा चौघांत प्रत्येकी पाच हजार असा वाटते. कादंबरीतला हा अतिशय आनंदाचा, उदार प्रसंग आहे, आणि त्या उदारपणाबद्दल मला शंका नाही. पण पैसा कुठून आला हे तिथे कोणी विचारत नाही.

त्या चौघांपैकी एक, तिचा आतेभाऊ सेंट जॉन, पुढे मिशनरी होऊन हिंदुस्थानात जातो. ‘जेन एअर’चे शेवटचे परिच्छेद बर्थाबद्दल नाहीत, जेनच्या संसाराबद्दलही नाहीत. ते हिंदुस्थानात मरणाची वाट पाहणाऱ्या सेंट जॉनबद्दल आहेत, आणि कादंबरीचं अखेरचं वाक्य त्याच्या पत्रातलं आहे, त्याच्याच शब्दांत.